एका मिनिटातली माणसे

घरी परतलेले माणूस दिवसभरातली हकिकत सांगू लागते, तेव्हा त्याच्या बोलण्यात नकळत एक बदल होतो. ‘साहेब म्हणाले’ असे म्हणून पुढचे वाक्य उच्चारताना आवाज थोडा खाली उतरतो, शब्दांमधले अंतर वाढते आणि हनुवटी किंचित वर जाते. शेजारच्या काकूंचे बोलणे सांगताना तोच आवाज नाकाकडे सरकतो आणि वाक्याच्या शेवटच्या अक्षराला लांब हेल येतो. सांगणाऱ्याला नट व्हायचे नसते, ऐकणाऱ्यांनाही आपण नाटक पाहत आहोत असे वाटत नसते, तरी साहेब आणि काकू दोघेही क्षणभर त्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात. दुसऱ्याच्या बोलण्याचा नुसता अर्थ सांगून भागत नाही, ते बोलणे कोणत्या गळ्यातून आले हेही सांगावे लागते, ही माणसाची फार जुनी गरज आहे. आवाजाच्या क्षेत्रात नव्याने आलेला कलाकार पात्रांच्या आवाजांचा आपला पहिला नमुना तयार करायला बसतो, तेव्हा हीच नकळत होणारी गोष्ट त्याला प्रथमच जाणीवपूर्वक करायची असते. आणि आजवर जे सहज जमत होते ते जाणीव जागी होताच इतके अवघड का व्हावे, या कोड्याशी त्याची गाठ पडते.

या नमुन्याला व्यवसायात ‘कॅरेक्टर डेमो’ म्हणतात. जाहिरातींसाठीचा डेमो वेगळा असतो, माहितीपटांच्या निवेदनासाठीचा वेगळा. पात्रांचा डेमो म्हणजे साधारण एक ते दीड मिनिटाचे असे ध्वनिमुद्रण, ज्यात एकाच कलाकाराने पाच-सात निरनिराळ्या पात्रांना आवाज दिलेला असतो आणि प्रत्येक पात्राच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा सेकंद आलेले असतात. ॲनिमेशनपट, व्हिडिओ गेम, श्राव्य पुस्तके आणि अन्य भाषांतून हिंदी-मराठीत येणाऱ्या चित्रपट-मालिका यांसाठी आवाज निवडणारी माणसे तो ऐकतात. मुंबईत अंधेरी, ओशिवरा, वर्सोवा, गोरेगाव या भागांत डबिंगचे असंख्य स्टुडिओ आहेत, म्हणजे मूळ चित्रावर दुसऱ्या भाषेतले संवाद नव्याने बसवण्याच्या जागा आहेत, आणि तिथल्या ‘व्हॉइस टेस्ट’पर्यंत, अर्थात आवाजाच्या प्रत्यक्ष चाचणीपर्यंत पोहोचण्याआधी बहुधा हा डेमोच कलाकाराच्या वतीने बोलून येतो. पूर्वी चित्रफितीच्या छोट्या तुकड्याची दोन टोके जोडून तो यंत्रावर पुन्हा पुन्हा फिरवत आणि प्रत्येक फेरीला तेच वाक्य नव्याने म्हणवून घेत. त्या फेरीला ‘लूप’ म्हणत, आणि चित्रफीत जाऊन संगणक आला तरी एकेका संवादाला लूप म्हणण्याची रीत या व्यवसायात टिकून आहे. डेमोला मात्र अशी दुसरी फेरी मिळत नाही. ऐकणाऱ्याचे बोट बंद करण्याच्या खुणेवरच टेकलेले असते, आणि पहिल्या काही सेकंदांत कोणी माणूस समोर आले नाही तर पुढची पाच माणसे ऐकली जाण्याची शक्यता फारशी उरत नाही.

एकाच गळ्यातून अनेक माणसे उभी करण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरत रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगतात, तेव्हा चित्रे स्थिर असतात आणि त्यांना हलवण्याचे, भांडवण्याचे, रडवण्याचे काम कथेकऱ्याच्या आवाजाला करावे लागते. य. के. पाध्ये यांनी आपल्या अर्धवटराव या बाहुल्याला दिलेला आवाज पुढे रामदास पाध्ये यांच्या गळ्यातून महाराष्ट्राने वर्षानुवर्षे ऐकला. शब्दभ्रमाच्या या खेळात, म्हणजे ओठ न हलवता आपला आवाज बाहुलीच्या तोंडून आल्याचा भास निर्माण करण्यात, एक माणूस स्वतःशीच वाद घालतो आणि त्या वादात बहुधा हरतो. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे एकट्याने उभी केली, तर दिलीप प्रभावळकर ‘हसवाफसवी’ या नाटकात सहा भूमिका करीत असत. मात्र या साऱ्यांच्या हाती एक अख्खी संध्याकाळ होती. पात्राने एकदा येऊन जावे, मध्ये दुसऱ्याने बोलावे, मग पहिल्याने पुन्हा यावे आणि प्रेक्षकाने त्याला जुन्या ओळखीच्या माणसासारखे हसून सामावून घ्यावे, इतका अवकाश त्यांना होता. डेमोमधल्या पात्राला परत येण्याची सोय नसते. ते एकदाच बोलते, आणि त्या दहा सेकंदांच्या आधी त्याचे आयुष्य होते आणि नंतरही ते चालू राहणार आहे, एवढा विश्वास त्याला तेवढ्यातच निर्माण करावा लागतो.

आवाज बदलतो म्हणजे नेमके काय बदलते, याचा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात बारकाईने केलेला आहे. वाचिक अभिनय, म्हणजे वाणीने करायचा अभिनय, सांगताना तिथे आवाजाची तीन स्थाने मानली आहेत: उर, कंठ आणि शिर. त्यांच्या जोडीला पाठ्याचे, म्हणजे बोलायच्या मजकुराचे, सहा अलंकार सांगितले आहेत: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. दूरच्या माणसाला हाक मारताना उच्च, खिन्नतेत आणि चिंतेत मंद्र, भयात किंवा घाईत द्रुत, असा त्यांचा विनियोगही दिला आहे. यापुढे जाऊन ‘काकु’ नावाची एक सूक्ष्म संकल्पना येते, जिचा अर्थ स्वराच्या वळणातून अर्थाला मिळणारे वळण असा करता येईल. तिचे दोन भेद आहेत: ज्या उच्चारानंतर ऐकणाऱ्याची अपेक्षा शिल्लक राहते ती साकांक्ष, आणि ज्या उच्चाराने म्हणणे पुरते होते ती निराकांक्ष. आजचे शरीरशास्त्र हीच जमीन वेगळ्या साधनांनी मोजते. स्वरयंत्रातले स्वरतंतू प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे २०० वेळा आणि लहान मुलाच्या बोलण्यात त्याहूनही जलद कंप पावतात; परंतु आवाजाचा रंग ठरतो तो स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत. स्मित करून बोलले की ही पोकळी आखूड होऊन आवाज उजळ होतो, ओठांचा चंबू करून स्वरयंत्र खाली ओढले की ती लांबते आणि बोलणारा प्रत्यक्षात आहे त्याहून थोराड वाटू लागतो. राक्षस आणि परी यांच्यातला श्राव्य फरक अशा रीतीने दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सामावलेला असतो.

ही शरीराची हिकमत झाली, आणि ती सरावाने साधते. तिच्या पलीकडचे काय आहे ते पाहण्यासाठी अगदी साधे एक वाक्य घेता येईल: ‘दार उघडंच आहे.’ हे वाक्य एखादी आजी म्हणते, तेव्हा ती माजघरात निवडणटिपण करीत बसलेली असते, उठण्याचे कष्ट तिला नको असतात, आणि पाहुणा कोण आहे हे पावलांवरून ओळखल्याचा आनंद ‘उघडंच’मधल्या ‘च’वर अलगद टेकतो. तेच वाक्य आठ वर्षांचा मुलगा म्हणतो, तेव्हा मांजराचे पिल्लू नुकतेच बाहेर पळालेले असते, दार कोणी उघडे टाकले हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि आपण तो गुन्हा कबूल करत नसून केवळ एक वस्तुस्थिती सांगत आहोत असे भासवण्याच्या धडपडीत ‘आहे’ जवळजवळ गिळले जाते. घर सोडून निघालेल्या मुलाचा बाप तेच म्हणतो आणि ‘दार’ या शब्दानंतर थांबतो. तो परतण्याची मुभा देत आहे की जायला सांगत आहे, हे त्या विरामातच अडकून राहते. गुहेतला राक्षस हे वाक्य सावकाश म्हणतो, कारण आत आलेला बाहेर जाणार नाही याची त्याला खात्री असते, आणि खात्री असलेल्याला ओरडावे लागत नाही. या चारही उच्चारांत स्वरांची उंची वेगवेगळी असेल, परंतु चौघांना वेगळे करते ती उंची नव्हे. कोण बोलतो, किती अंतरावरच्या माणसाशी बोलतो, त्याच्याकडून त्याला काय हवे आहे आणि काय लपवायचे आहे, या चार गोष्टी ठरल्या की गळा बराचसा आपणहून त्यांच्या मागे जातो.

नवोदिताचा प्रवास सहसा उलट दिशेने सुरू होतो. तो आधी यादी करतो: म्हातारा, चेटकीण, खलनायक, लहान मूल, यंत्रमानव, बोलका पोपट. मग प्रत्येकासाठी गळ्याची एक ठेवण शोधली जाते आणि त्या ठेवणीत सापडेल ते वाक्य ओतले जाते. अशा डेमोत आवाज पुष्कळ असतात, माणसे मात्र येत नाहीत. म्हातारा म्हटले की आवाज कापरा करायचा ही त्यातली सर्वांत रूढ सवय आहे; प्रत्यक्षात पुष्कळशा वृद्धांचा आवाज कापत नाही. त्यांचा श्वास कमी पुरतो, म्हणून वाक्य अर्थ संपेल तिथे तुटत नाही, श्वास संपेल तिथे तुटते. दात गेले असतील तर ‘स’ आणि ‘च’ सैल पडतात. आणि एवढा श्वास जपून वापरणारे ते माणूस एखाद्या नावावर किंवा गावावर मात्र तो मोकळ्या हाताने खर्च करते. लहान मुलाचा आवाज निव्वळ बारीक केल्याने मूल होत नाही. मुलाला पुढची गोष्ट मागची संपण्याआधीच सुचलेली असते, त्यामुळे वाक्यांची टोके एकमेकांत शिरतात, आणि सांगायचे आहे ते जगात सर्वांत महत्त्वाचे आहे याविषयी त्याच्या मनात किंचितही शंका नसते. खलनायकासाठी घसा खरवडून काढलेला घोगरेपणा तर दुहेरी हानी करतो. तो पात्राला पोकळ करतो आणि स्वरतंतूंना सूज आणतो, आणि ही इजा कलाकाराला पुढे दीर्घकाळ पुरते.

म्हणून या कलेचे मूळ गळ्यापेक्षा कानात अधिक आहे असे म्हणावेसे वाटते. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक श्रुतिका, म्हणजे केवळ ऐकण्यासाठी रचलेली नाटिका, प्रसारित होत असे; नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतून मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी ही माणसे घराघरांत अशी नांदत की त्यांचे चेहरे कोणी पाहिलेले नसूनही प्रत्येकाला ते ठाऊक होते. त्या आवाजांत फार मोठे चमत्कार नव्हते. मध्यमवर्गीय घरात कोण कोणाचे बोलणे कुठे तोडतो, कौतुक करताना आवाज कसा आखडता घेतला जातो, राग आला की कोण जास्त शांत होतो, याचे अचूक ऐकणे त्यांच्या मुळाशी होते. नवोदिताला आजही शिकायचे असेल तर एसटीच्या फलाटावर, भाजीमंडईत, लोकलच्या डब्यात टिकल्या-क्लिपा विकणाऱ्या बाईच्या मागे, बँकेतल्या रांगेत त्याची शाळा उघडी आहे. तिथे ऐकायचा असतो तो आवाजाचा पोत कमी आणि बोलण्याची चाल अधिक: विकणारी बाई कोणत्या शब्दावर वळते, नकार ऐकल्यावर तिचे पुढचे वाक्य आधीच्या उंचीवरून सुरू होते की खालून, दुसऱ्या विकणारीशी बोलताना तिचा विक्रीचा आवाज कुठे गळून पडतो. एकाच माणसाच्या अंगी असे चार-पाच आवाज असतात, आणि त्यांच्यामधल्या सांध्यांमध्येच ते माणूस खरे ऐकू येते.

चांगला आवाज ही जन्मजात देणगी आहे, तो असेल तरच या वाटेला जावे, असा समज मोठा आहे. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज देणारे शरद केळकर यांनी, आपल्याला लहानपणी बोलताना अडखळण्याचा त्रास होता, असे मुलाखतींतून सांगितले आहे. या वस्तुस्थितीतून कोणताही सोपा बोध काढण्याची गरज नाही. एवढे मात्र म्हणता येते की ज्याला शब्द सहज मिळत नाही, त्याला शब्दाच्या उंबरठ्यावर काय घडते हे इतरांपेक्षा जवळून पाहावे लागते, आणि आवाजाच्या कलेत हे पाहणे वाया जात नाही. श्रेयस तळपदे यांनी ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनला दिलेला आवाज असाच पाहण्याजोगा आहे. चेहरा एकाचा, देहबोली त्याची, ओठांची हालचाल तेलुगू शब्दांची, आणि आतून बोलणारा मराठी नट हिंदीत बोलतो. अशा ठिकाणी आपला आवाज किती वाढवावा यापेक्षा दुसऱ्याच्या श्वासात आपला श्वास किती मिसळावा, याचेच भान अधिक लागते.

मराठीत पात्राचा आवाज शोधू गेले की बोली समोर येते, आणि तिच्यासोबत एक जबाबदारीही येते. वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, आगरी-कोळी बोलण्यात तो ‘डोला’ होतो, मालवणी माणूस ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हणतो. अशा खुणा हाती लागल्या की दहा सेकंदांत पात्र उभे करण्याचा सोपा रस्ता सापडल्यासारखे वाटते. परंतु खुणा म्हणजे बोली नव्हे. बोलीला स्वतःचा ताल असतो, तिच्यात दुःख आणि हिशेब, प्रार्थना आणि तक्रार सारे काही बोलले जाते, आणि ती बोलणाऱ्याला स्वतःचे बोलणे मुळीच गमतीचे वाटत नसते. वर्षानुवर्षे नाटक-सिनेमांनी काही बोली नोकरांना, काही बोली गुंडांना आणि काही बोली हशासाठी राखून ठेवल्या. प्रमाण मराठी मात्र नायकाला, डॉक्टरला आणि देवाला मिळाली. नवा कलाकार डेमो करतो तेव्हा ही वाटणी त्याच्याही नकळत त्याच्या यादीत उतरते. वऱ्हाडी बोलणारी न्यायाधीश बाई किंवा आगरी बोलीत विचार करणारा शास्त्रज्ञ त्या यादीत क्वचितच सापडतो, आणि याचे कारण गळ्याची मर्यादा हे नसून ऐकण्याची मर्यादा हे असते. ज्याचा आवाज उसना घेतला, त्याने तो ऐकला तर त्याला आपला अपमान झाला असे वाटेल की आपल्याला कोणीतरी लक्षपूर्वक ऐकले असे वाटेल, ही कसोटी कोणत्याही तांत्रिक कसोटीहून कठीण आहे.

तांत्रिक बाजूही तिच्या जागी महत्त्वाची आहेच. स्टुडिओचे भाडे परवडत नसलेली एखादी नवोदित कलाकार आपल्या दोन खोल्यांच्या घरात दुपारी ध्वनिमुद्रणाची तयारी करते, तेव्हा ती प्रथम भिंतींचा विचार करते, कारण उघड्या भिंतींवर आपटून परतणारा आवाज मुद्रणात खोलीचा पोकळपणा आणतो. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडून ती त्याच्यासमोर उभी राहते, पाठीमागे दोरीवर गोधडी टांगते, पंखा बंद करते, फ्रिजचा खटका खाली करते. मायक्रोफोनपुढे जाळीची चकती लावते, कारण मराठीतले ‘फ’, ‘भ’, ‘ठ’, ‘ख’ हे महाप्राण वर्ण हवेचा झोत घेऊन येतात आणि तो सरळ मायक्रोफोनवर पडला की मुद्रणात धप्प असा ठोका उमटतो. म्हणून ती तोंड किंचित तिरके ठेवायला शिकते. कोमट पाणी जवळ ठेवते, कारण कोरड्या तोंडात जीभ टाळूवरून सुटताना होणारा चट्ट असा आवाज कानाला ऐकू येत नसला तरी यंत्राला ऐकू येतो. कुठूनतरी कुकरची शिट्टी येते, कबुतर खिडकीवर उतरते, आणि चांगले जमलेले वाक्य टाकून द्यावे लागते. पंखा बंद असल्यामुळे कपाळावरचा घाम ओठांपर्यंत आलेला असतो. अशा स्थितीत ती आजीसाठी पाठीत वाकते, मुलासाठी टाचा उचलते, राक्षसासाठी पाय फाकवून जमिनीत रुतवते. यातले काहीच कोणाला दिसणार नसते, तरी ते केल्यावाचून आवाज येत नाही, कारण आवाजाला राहायला संपूर्ण शरीर लागते.

मुद्रण झाल्यानंतर क्रम लावण्याचे काम उरते आणि ते वाटते त्याहून अधिक विचाराचे असते. जाणकार कलाकार पहिल्या जागी सर्वांत चमत्कारिक आवाज ठेवत नाही. तिथे स्वतःच्या स्वभावाला सर्वांत जवळचे पात्र ठेवतो, कारण कामे बहुधा त्या आवाजासाठी येतात आणि तोच तासन्‌तास न थकता टिकवता येतो. त्यानंतर वेगवान पात्राशेजारी संथ पात्र, उरातल्या आवाजाशेजारी शिरातला आवाज अशी मांडणी होते. मागे पार्श्वसंगीताचा किंवा वातावरणाचा पातळ थर येतो, तोही पात्राची जागा सांगण्यापुरता. प्रसिद्ध पात्रांच्या नकला डेमोत घालू नयेत, असे शिकवले जाते, आणि त्यामागे हक्कांचा प्रश्न तर आहेच, शिवाय आणखी एक कारण आहे. नकलेत ऐकणाऱ्याला मूळ आवाज आठवतो आणि समोरचा कलाकार पुसला जातो. म्हणून संवाद स्वतःच लिहावे लागतात, आणि लिहिताना कळते की आपण ज्यांना ऐकले नाही त्यांच्यासाठी आपल्याला वाक्यही सुचत नाही.

अलीकडे आवाजाचा थोडासा नमुना मिळाला तरी संगणक त्यावरून हुबेहूब बोलणारा कृत्रिम आवाज तयार करू शकतो, आणि कामाच्या आशेने चहूकडे पाठवलेला डेमो हा असा नमुना ठरू शकतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात, त्यांच्या परवानगीवाचून त्यांच्या आवाजाची कृत्रिम प्रतिकृती वापरण्यास अंतरिम मनाई केली आणि आवाज हा व्यक्तित्वाचा भाग आहे ही गोष्ट न्यायालयीन भाषेत नोंदली गेली. ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही अशा नवोदिताला हे संरक्षण किती पोहोचेल, ही चिंता खरी आहे आणि तिला थोडक्यात बाजूला सारता येणार नाही. तरीही जे यंत्र आवाजाचा पोत उचलते, त्याने मांजराच्या पिल्लामागे धावणाऱ्या मुलाला ऐकलेले नसते. ‘आहे’ हा शब्द तिथे का गिळला गेला, हे त्या मुलाजवळ कधीतरी थांबलेल्या माणसालाच ठाऊक असते, आणि नमुन्यामागचे हे थांबणे हीच कलाकाराची खरी मिळकत आहे.

पात्र आधी आणि आवाज नंतर, हा क्रम नेहमीचा असला तरी तो अटळ नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स नॅश नावाचा तरुण प्राण्यांचे आवाज काढत असे. बकरीच्या पिल्लाने बालगीत म्हणावे अशा आवाजात तो एक गाणे म्हणत असे, आणि ते ऐकून वॉल्ट डिस्ने यांना त्यात बकरीऐवजी बोलके बदक ऐकू आले. त्या आवाजाला साजेसे पात्र नंतर घडवले गेले आणि १९३४ मध्ये ‘द वाइज लिटल हेन’ या लघुपटातून डोनल्ड डक पडद्यावर आला. नॅशने त्याला १९८५ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत आवाज दिला. नॅशने जे केले ते एका प्राण्यासाठी होते, ऐकणाऱ्याला त्यात दुसराच सापडला, आणि जगाला एक पात्र मिळाले, जे त्या आवाजावाचून कोणी लिहिले असते असे वाटत नाही.

मराठीतल्या नवोदिताच्या डेमोकडे या दृष्टीने पाहिले तर त्या एका मिनिटाचा अर्थ बदलू लागतो. बाजार ज्यांची मागणी करतो ते खलनायक, ती चेटकीण, ते मूल त्यात असावेच, कारण कामही मिळाले पाहिजे. पण एखादी जागा अशा आवाजासाठी ठेवता येईल, ज्याच्यासाठी अजून कोणी चित्रपट, मालिका किंवा खेळ लिहिलेला नाही. सहाव्या मजल्यावरच्या मुलांना अभ्यासाला बसवून मग स्वतःच्या घरी जाणारी पन्नाशीची घरकामगार बाई, रात्रपाळी संपवून पहाटे वृत्तपत्रांचे गठ्ठे मोजणारा माणूस, झाडीबोलीत स्वतःच्या शेळीला दिवसाचा हिशेब सांगणारी मुलगी, यांपैकी कोणी एक तिथे दहा सेकंद नीट बोलू शकेल. ते ऐकून स्टुडिओतला माणूस पुढे जाईल, की थांबून ‘ही कोण?’ असे विचारील, हे सांगता येत नाही. त्याने विचारले तर कलाकाराजवळ उत्तर असायला हवे: ती कुठून आली, कोणाशी बोलत होती, आणि त्या दहा सेकंदांनंतर ती काय म्हणणार होती.